ख्रिस्ती समर्थकांचे युक्तिवाद आणि एका नास्तिकाची उत्तरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही ख्रिस्ती वाचकांकडून, ज्यांना मी एक दिवस तरी वळेन अशी आशा असते. काही हिंदू वाचकांकडून, ज्यांना प्रचारकाचं तोंड बंद करायला आयती उत्तरं हवी असतात. उत्तरं दोघांनाही एकच आहेत, आणि दुसऱ्या गटाला ती बऱ्याचदा जास्त टोचतात.

अपोलोजेटिक्स म्हणजे नेमकं काय?

आपल्या श्रद्धेची बाजू तर्काने आणि पुराव्याने मांडणं. ख्रिस्ती मंडळी त्याला पेत्राच्या पहिल्या पत्राचा (३:१५) आधार देतात: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सदैव तयार असा. मला हे आवडतं. ‘श्रद्धेचा विषय आहे, वाद नको’ म्हणून हात झटकणाऱ्यापेक्षा कारणं देणारा माणूस केव्हाही बरा. कारणं दिली की ती तपासता येतात.

हे सगळं अमेरिकेतून यूट्यूबवरून आलेलं खूळ आहे ना?

अजिबात नाही. मुंबईत १८३१ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी पाद्र्यांशी भिडत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. काशीत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे या चित्पावन तरुणाने १८४४ च्या सुमारास ख्रिस्ती मताचं संस्कृतात खंडन लिहिलं, आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. (‘आमच्या शास्त्र्यांनी पाद्र्यांना धूळ चारली’ असं सांगणारे लोक ही गोष्ट सहसा अर्ध्यावर सोडतात.)

मिशनऱ्यांची हत्यारं काय होती ते बघा. पुराणांतला भूगोल चुकीचा आहे, एका पुराणाचं दुसऱ्याशी जुळत नाही, देवांचं वर्तन सामान्य माणसालाही शोभणार नाही, चमत्कारांना पुरावा नाही. यातला प्रत्येक आक्षेप मला मान्य आहे. क्षीरसागर नकाशात सापडत नाही, हे खरंच. मग यहोशवाच्या पुस्तकात (१०:१३) सूर्य जवळजवळ दिवसभर आकाशात थांबून राहिला, त्याचं काय करायचं? पैठणला रेड्याने वेद म्हटले ही दंतकथा असेल, तर गणनाच्या पुस्तकात (२२:२८) बलामाची गाढवी बोलली ती कोणत्या खात्यात टाकायची?

पुराणांना जी फूटपट्टी लावली तीच पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, लावा, एवढीच माझी मागणी. खालची बहुतेक उत्तरं तिच्यातूनच निघतात.

विश्वाला सुरुवात आहे. म्हणजे सुरू करणारा हवाच ना?

या युक्तिवादाचं आज गाजणारं रूप म्हणजे ‘कलाम’. जे अस्तित्वात येऊ लागतं त्याला कारण असतं, विश्व अस्तित्वात येऊ लागलं, म्हणून विश्वाला कारण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग हा युक्तिवाद ख्रिस्ती देवासाठी वापरतात. मूळ मांडणी मुस्लीम धर्मपंडितांची, त्यांतही ठळक नाव अल-गझालीचं, आणि तो ११११ साली वारला. त्याला ती थेट अल्लाहपर्यंत घेऊन गेली. आपल्याकडे न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी याच जातीच्या अनुमानाने ईश्वर सिद्ध केला: घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, पृथ्वी हेही कार्य आहे, तिलाही कर्ता हवा. एकाच वाटेने तीन वेगळ्या देवांपर्यंत पोचता येत असेल, तर ती वाट नाझरेथच्या येशूपर्यंत जाते असं म्हणता येणार नाही.

आणि उत्तरंही जुनीच आहेत. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने, जो वेदांचा कट्टर अभिमानी होता, सृष्टिकर्त्याची कल्पना सरळ धुडकावली. सृष्टीच नव्हती तेव्हा या कर्त्याला शरीर कुठलं? शरीराशिवाय त्याने इच्छा कशी केली? दयेपोटी सृष्टी केली म्हणाल, तर दया करायला तेव्हा होतं कोण? आणि दयेपोटीच करायची होती तर नुसती सुखाचीच का नाही केली? हे प्रश्न इतके नेमके आहेत की पुढच्या हजारएक वर्षांत त्यांत फार भर घालावी लागलेली नाही.

महास्फोटाचं म्हणाल, तर तो सिद्धान्त मांडण्यात अग्रेसर असलेले जॉर्ज लमेत्र हे स्वतः बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आधुनिक खगोलशास्त्र निर्मितीची साक्ष देतं अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे अशी त्यांची भूमिका होती. महास्फोट आपल्याला प्रसरणाचा इतिहास सांगतो. त्याच्या आधी काय होतं, किंवा ‘आधी’ हा शब्द तिथे लागू तरी पडतो का, हे प्रश्न अजून उघडे आहेत. उघड्या प्रश्नावर ‘येशू’ असं लिहिल्याने तो सुटत नाही.

पण निसर्गाचे स्थिरांक (गुरुत्वाकर्षणाची ताकद वगैरे ठरलेले आकडे) इतके अचूक कसे?

जीवसृष्टीला पोषक स्थिरांक हा खरा, अवघड प्रश्न आहे, आणि देवाच्या बाजूच्या युक्तिवादांपैकी मला त्यातल्या त्यात वजनदार वाटतो तो हाच. तरी दोन अडचणी. हे स्थिरांक वेगळे असण्याची शक्यता किती होती, हे मोजायला आपल्याकडे दुसरं विश्व नाही. आणि जीवनासाठीच घडवलेल्या विश्वात जवळपास सगळी जागा जीवनाला क्षणभरही टिकू न देणारी आहे. शिवाय स्थिरांक जुळवणाऱ्या कोणा बुद्धीला तीन दिवसांनी मेलेल्यातून उठायचं होतं, हे कुठल्याही समीकरणातून निघत नाही.

येशू नावाचा माणूस होऊन गेला, हे तरी मानता का?

हो. येशू झालाच नाही असं सांगणारे नास्तिक मला भेटतात आणि मी त्यांच्याशीही वाद घालतो. ज्यू इतिहासकार जोसिफस याने इ. स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात येशूचा उल्लेख दोनदा येतो. त्यातल्या मोठ्या परिच्छेदात नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी हात मारला आहे यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. याकोबाला ‘ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ’ म्हणणारा छोटा उल्लेख मात्र बहुतेकांना अस्सल वाटतो. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या आसपास लिहितो की ख्रिस्ताला रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने देहदंड झाला. गालीलातला एक उपदेशक, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाशी संबंध, यरुशलेममध्ये वधस्तंभ: एवढं मला पुरेसं पक्कं वाटतं.

जन्मकथा मात्र या यादीत बसत नाहीत. बायबलमध्ये येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये मेला असं मानलं जातं. लूक म्हणतो तो रोमन सुभेदार क्विरीनियाच्या नावनोंदणीच्या वेळी जन्मला, ती इ. स. ६ मधली. मधे जवळपास दहा वर्षं आहेत. ही दरी बुजवायला समर्थकांनी रचलेल्या खटपटी वाचताना पुराणांतल्या दोन वंशावळी जुळवणारे आपले टीकाकार आठवतात.

पुनरुत्थानाचा ऐतिहासिक पुरावा कसा नाकारता? रिकामी कबर, पाचशे साक्षीदार…

इथे जरा थांबू या, कारण सगळी इमारत याच खांबावर उभी आहे. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. इतका स्वच्छ सौदा धर्मग्रंथांत क्वचित सापडतो.

आधी कागद बघू. सर्वांत जुना मजकूर पौलाचा, करिंथकरांस पहिलं पत्र, साधारण इ. स. ५३ ते ५५. त्यात (१५:३-८) दर्शनांची यादी आहे: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून अधिक, मग याकोब, मग सगळे प्रेषित, आणि शेवटी ‘मलाही’. या यादीत रिकामी कबर नाही, कबरीवर गेलेल्या स्त्रिया नाहीत. पाचशेंपैकी एकाचंही नाव नाही, गाव नाही, कोणी काय पाहिलं ते नाही. पौलाचं स्वतःचं दर्शन म्हणजे दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा प्रकाश आणि आवाज, आणि त्याचेही तपशील एकाच पुस्तकात बदलतात. प्रेषितांची कृत्ये ९:७ मध्ये सोबत्यांना वाणी ऐकू आली, २२:९ मध्ये नाही.

मग शुभवर्तमानं. मार्काचं सर्वांत आधीचं, इ. स. ७० च्या आसपास. त्यात तीन स्त्रिया कबरीवर जातात, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला दिसतो, त्या घाबरून पळतात आणि कोणालाच काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच, १६:८ ला, संपतो. उठलेल्या येशूची दर्शनं सांगणारी पुढची बारा वचनं त्यांत नाहीतच. मत्तयात भूकंप होतो आणि देवदूत उतरून धोंड सरकवून तिच्यावर बसतो. लूकमध्ये झगझगीत वस्त्रांतले दोन पुरुष आहेत. योहानात आधी मग्दालीया मरीया एकटीच येते. मत्तयाचे शिष्य येशूला भेटायला गालीलात जातात. लूकमध्ये त्यांना यरुशलेम सोडू नका असा हुकूम आहे. शिवाय मत्तय (२७:५२-५३) सांगतो की अनेक पवित्र जनांची शरीरं कबरींतून उठून शहरात पुष्कळांना दिसली. शहरभर मेलेली माणसं हिंडली आणि त्या काळच्या दुसऱ्या एकाही लेखकाला त्याचा पत्ता नाही.

आता हीच फूटपट्टी घेऊन शिर्डीला चला. श्रीसाईसच्चरितात अशी हकिगत आहे. साल १८८६, मार्गशीर्ष पौर्णिमा. दम्याने हैराण झालेले साईबाबा म्हाळसापतींना सांगतात की तीन दिवस माझा देह सांभाळ, परत आलो नाही तर त्या मोकळ्या जागेत पुरून दोन निशाणं लाव. रात्री दहाच्या सुमारास श्वास थांबतो, नाडी थांबते. गाव जमतं, पंचनामा होतो, देह पुरायचं ठरतं. म्हाळसापती ऐकत नाहीत. देह मांडीवर घेऊन तीन दिवस बसून राहतात. तिसऱ्या दिवसानंतर पहाटे श्वास परत येतो, पोट हलू लागतं, बाबा डोळे उघडतात. त्यानंतर ते १९१८ पर्यंत जगले.

जरा तुलना करा. इथे साक्षीदाराचं नाव आहे, गाव आहे, व्यवसाय आहे: म्हाळसापती हे तिथल्या खंडोबाचे पुजारी. ग्रंथकर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर हे स्वतः बाबांना भेटलेले, सरकारी नोकरी केलेले, लिहिते-वाचते गृहस्थ. घटना आणि ग्रंथ यांत साधारण चाळीस वर्षं, म्हणजे वधस्तंभ आणि मार्क यांच्यात आहेत तेवढीच. ग्रंथ मूळ भाषेत, मूळ प्रदेशात लिहिलेला. शुभवर्तमानांसारखा अरामी बोलणाऱ्या मच्छीमारांची गोष्ट ग्रीकमध्ये सांगणारा नाही. पुराव्याच्या कसोटीवर साईबाबांचं पुनरुत्थान येशूच्या पुनरुत्थानापेक्षा सरस ठरतं.

ही गोष्ट ऐकल्यावर ख्रिस्ती समर्थक काय म्हणतात? बाबा बेशुद्ध झाले असतील. भक्तांनी नंतर रंग भरला असेल. ग्रंथ श्रद्धावंताने श्रद्धावंतांसाठी लिहिलाय. ‘तीन दिवस’ हा ठरीव आकडा आहे. अगदी बरोबर! मी यातलं प्रत्येक वाक्य उचलून यरुशलेमला लावतो. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाबद्दलही असंच. देहूला दरवर्षी बीजेला लाखो लोक जमतात, आणि त्या श्रद्धेबद्दल मनात कितीही आदर असला तरी मी ते घडलं असं मानत नाही.

मग शिष्यांना काय झालं असेल? मला वाटतं, त्यांतल्या काहींना खरोखरच काही दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं. जवळचं माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येणं, ते खोलीत असल्याचा भास होणं हे शोकातल्या माणसांत अगदी सर्रास आढळतं. एकाच्या अनुभवाने दुसऱ्याला बळ येतं, आणि चाळीस वर्षांत गोष्टीला भूकंपही फुटतो.

पण शिष्य खोट्यासाठी जीव देतील का?

खोटं ठाऊक असून बहुधा देणार नाहीत. चुकीचं खरं मानून मात्र माणसं सगळ्या धर्मांत जीव देत आली आहेत. शिवाय ‘सगळे प्रेषित हुतात्मे झाले’ याला आधार तुटपुंजा आहे. नव्या करारात बारांपैकी एकाचीच हत्या नोंदलीय, जब्दीचा मुलगा याकोब (कृत्ये १२:२). पेत्राबद्दल जुनी परंपरा आहे. भारतात भाल्याने मारल्या गेलेल्या थोमाची गोष्ट ज्या ‘थोमाच्या कृत्यां’वरून येते, ते पुस्तक तिसऱ्या शतकातलं आहे, आणि त्यात रानगाढवंही बोलतात.

येशू स्वतःला देवपुत्र म्हणाला. मग तो लबाड, वेडा की प्रभू?

सी. एस. लुईस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवरून लोकप्रिय केलेला हा पेच आहे. चौथी शक्यता यात मुळी घेतलेलीच नाही: त्याच्या तोंडची ती वाक्यं त्याची नसतील. ‘मी आणि पिता एक आहो’ असा येशू योहानाच्या, सर्वांत उशिरा लिहिलेल्या शुभवर्तमानात सापडतो. मार्कातला येशू ‘मला उत्तम का म्हणतोस? एक देव वाचून कोणी उत्तम नाही’ असं म्हणतो (१०:१८). पाचवी शक्यता, तो प्रामाणिकपणे चुकला. ही पिढी संपण्याआधी सगळं घडेल असं तो म्हणाला (मार्क १३:३०), आणि पौलही प्रभू येईपर्यंत ‘आपण’ जिवंत उरू अशा भाषेत लिहितो. ती पिढी संपून एकोणीस शतकं उलटली.

आणि हा पेच चक्रधरस्वामींना लावून बघा. महानुभाव त्यांना परमेश्वरावतार मानतात. माझ्या ओळखीच्या एकाही पाद्र्याला चक्रधर ‘लबाड, वेडा की प्रभू’ यांतून निवड करावीशी वाटत नाही.

जुन्या करारातली भाकितं येशूत पूर्ण झाली. वेदांतला प्रजापतीही तोच ना?

भाकित पूर्ण झालं असं सांगणाऱ्याच्या हातात जर भाकिताचं पुस्तक आधीपासून असेल, तर दाद जपून द्यावी. मत्तयाचं उदाहरण मजेशीर आहे. जुन्या करारातल्या जखऱ्याच्या काव्यात राजा गाढवावर, शिंगरावर बसून येतो. एकच जनावर, कवितेच्या रीतीने दोनदा सांगितलेलं. मत्तयाने (२१:७) ते शब्दशः घेतलं आणि दोन जनावरं आणवून येशूला त्यांवर बसवलं. मार्क आणि लूक एका शिंगरावर भागवतात. म्हणजे इथे भाकित घटनेशी जुळलेलं नाही, घटना भाकिताशी जुळवून घेतली आहे.

प्रजापतीचा मुद्दा इथल्या पत्रकांत हमखास भेटतो. तो जुना आहे. कृष्णमोहन बॅनर्जी या बंगाली पाद्र्यांनी १८७५ मध्येच यज्ञात स्वतःला अर्पण करणारा प्रजापती म्हणजे ख्रिस्ताची पूर्वछाया असं मांडलं होतं. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात (१०.९०) देव पुरुषाचा यज्ञ करतात, हे खरं. पण त्याच्या अवयवांतून चार वर्ण निघतात. तेवढा भाग पत्रकात छापत नाहीत. ज्या वेदांना एरवी मूर्तिपूजकांचं पुस्तक म्हणायचं, त्यातलीच एक ओळ साक्षीला आणायची, हे काही बरोबर नाही. आणि हिंदू वाचकांनी हसण्याआधी भविष्यपुराण आठवावं. त्यात ईशामसीह आहे आणि इंग्रजांची राणीसुद्धा. कारण ती पानं घटना घडून गेल्यावर घातलेली आहेत.

चंगाई सभांत लोक बरे होताना आम्ही डोळ्यांनी पाहतो.

बरं वाटणं आणि बरं होणं यांत फरक आहे. पाठदुखी, दमा, चक्कर, डोकेदुखी सभेच्या जोशात कमी होतात आणि घरी गेल्यावर परततात. तुटलेला पाय मात्र कुठल्याच सभेत उगवत नाही.

प्रार्थनेची रीतसर चाचणी झालेली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा इस्पितळांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पैसा देणारी संस्था धर्माबद्दल आस्था असलेली होती, नास्तिकांची नव्हे. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. या दोन्ही गटांना आपण कशात आहोत हे ठाऊक नव्हतं. ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के.

आणि आपल्या मुंबईतली गोष्ट. मार्च २०१२, विलेपार्ले. वेलंकनी मातेच्या चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. गर्दी झाली, प्रार्थना सुरू झाल्या, लोक ते पाणी भांड्यांत गोळा करून नेऊ लागले, काहींनी तीर्थासारखं प्यायलं. दिल्लीचे विवेकवादी सनल एडामारुकु तिथे गेले आणि त्यांनी ओल कुठून येते ते मागे मागे शोधत नेलं. जवळच एक स्वच्छतागृह होतं, त्याचं गटार तुंबलं होतं. ते पाणी भिंतीत मुरत होतं आणि केशाकर्षणाने चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर पडत होतं. आपल्या घरात बाथरूमच्या भिंतीला पोपडे येतात, तोच प्रकार. त्यांनी हे टीव्हीवर सांगितलं, आणि त्यांच्यावर भादंवि २९५-अ (धार्मिक भावना दुखावणं) खाली तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. ज्यांनी सांडपाणी पिण्यापासून लोकांना वाचवलं त्यांच्यावर गुन्हा, यावर मला अजूनही राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

देवच नाही तर नीती कुठून आणणार?

जिथून तुम्ही आणता तिथूनच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (१५:३) देव अमालेक्यांचे पुरुष, स्त्रिया, पोरं, तान्ही बाळंसुद्धा मारायला सांगतो. निर्गमात (२१:२०-२१) धन्याच्या माराने दास लगेच मेला नाही, एक-दोन दिवस जगला, तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचं ‘धन’ आहे. मी भेटलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हे वाचून अवघडल्यासारखं होतं. ते अवघडलेपण हीच तुमची नीती, आणि ती पुस्तकाच्या आधीची आहे. नाहीतर पुस्तकातलं कोणतं वचन आज लागू आणि कोणतं ‘त्या काळापुरतं’ हे ठरवलं कशाने असतं?

प्लेटोने विचारलेला प्रश्न अजून उभाच आहे. देव सांगतो म्हणून चांगलं चांगलं ठरतं, की चांगलं आहे म्हणून देव सांगतो? पहिलं असेल तर तान्ह्या बाळांची कत्तलही चांगली ठरते. दुसरं असेल तर चांगुलपणाला देवाची गरज उरली नाही. ‘चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे’ असं उत्तर मिळतं. त्याने प्रश्न फक्त एक पायरी मागे जातो: तो स्वभाव चांगला आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणि स्टालिन? माओ?

त्यांनी नास्तिक असून भयंकर अत्याचार केले. नास्तिक असणं ही चांगुलपणाची हमी आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं. त्यावरून ख्रिस्त उठला नाही असंही मी सिद्ध करत नाही.

दुःखातूनही देवाचा हेतू असतो, असं नाही वाटत?

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनची चर्चं सकाळच्या मिस्सेसाठी भरली होती तेव्हा भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला आणि आगी लागल्या. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावं झोपेत असताना दगडमातीची घरं कोसळली. हजारो गेले. मानवी स्वातंत्र्याचा युक्तिवाद खुनी माणसाला लागू होईल, जमिनीखालच्या खडकांना नाही.

‘हेतू आपल्याला कळत नाही’ असं म्हणता येतं, पण मग देव प्रेमळ आहे हेही कळत नाही असं म्हणावं लागेल. पूर्वकर्माचं उत्तर तर याहून वाईट. ते मेलेल्या लेकरावरच ठपका ठेवतं.

नास्तिक चुकला तर नरक, आस्तिक चुकला तर नुकसान काहीच नाही. मग विश्वास ठेवलेला बरा नाही का?

पास्कलची पैज. कोणत्या देवावर लावायची? येशूवर लावली आणि कुराण खरं निघालं तर?

मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने काढले. त्याचं काय?

काढले, आणि त्याचं ऋण मान्य न करणं खोटेपणाचं होईल. जोतिबा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिरजेचं वॉन्लेस यांचं इस्पितळ, जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेलं ग्रामीण आरोग्याचं काम, ही कामं श्रद्धेतून झाली आहेत. पण चांगलं काम करणाऱ्याची श्रद्धा खरी ठरते असा नियम केला तर तो सगळ्यांनाच लागू होईल, आणि त्या सगळ्या श्रद्धा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जोतिबांनी मिशनऱ्यांकडून पुष्कळ घेतलं, पण बाप्तिस्मा घेतला नाही. आपला निर्मिक वेगळा मांडला. दुसरी बाजूही आहे. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. संततिनियमनावर उघडपणे लिहू-बोलू लागल्यावर त्यांना ती नोकरी सोडावी लागली.

मग पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक यांच्यासारखी बुद्धिमान माणसं ख्रिस्ती का झाली?

युक्तिवादाने फार थोडी माणसं धर्म बदलतात. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तांवर चर्चच्याच लोकांशी कडाक्याचे वाद घातले. पत्रांतून आज्ञाधारकपणाचा उपदेश करणाऱ्यांना त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकायला साफ नकार दिला. विधवांना माणूस म्हणून वागवणारा धर्म त्यांना हवा होता, आणि तो त्यांना तेव्हाच्या हिंदू समाजात दिसला नाही. हा त्या समाजाचा दोष. त्यांचा निर्णय मला समजतो. त्यातून रिकामी कबर मात्र सिद्ध होत नाही.

हेच हिंदू धर्माबद्दल लिहायची हिंमत आहे का?

वर किती ठिकाणी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

ही उत्तरं आमच्या गावातल्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरू का?

‘विरुद्ध’ असेल तर नको. वसईच्या वाडीतलं कुटुंब किंवा मराठवाड्यातल्या वस्तीत रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जमणारे लोक यांनी तुमचं काहीही बिघडवलेलं नाही. घटनेच्या कलम २५ ने त्यांना मानण्याचा, पाळण्याचा आणि प्रचाराचाही हक्क दिला आहे. प्रचारक दारात आला तर त्याला बसवा, चहा द्या, आणि मार्काच्या शेवटच्या बारा वचनांबद्दल विचारा. चांगला प्रचारक असेल तर पुढच्या वेळी उत्तर घेऊन येईल. सभा उधळायला जाणाऱ्यांच्या हातात ही उत्तरं दिली तर त्यांना ती पुराणांवरही चालवावी लागतील, आणि ते ते करणार नाहीत.

काय मिळालं तर तुमचं मत बदलेल?

पहिल्या शतकाच्या चौथ्या दशकातला, ख्रिस्ती नसलेल्या कोणा अधिकाऱ्याचा अहवाल, ज्यात त्याने वधस्तंभावर मेलेला माणूस नंतर हिंडताना पाहिला आणि त्याची चौकशी केली असं असेल, तर मी खूप अस्वस्थ होईन. सोपं हवं असेल तर वरच्यासारखी प्रार्थनेची चाचणी पुन्हा करा, दोन-तीन वेगळ्या देशांत, आणि प्रार्थना झालेला गट प्रत्येक वेळी ठळकपणे पुढे निघू द्या. फक्त प्रार्थना करणारे गट तीन ठेवा: एक चर्चमधला, एक पंढरीच्या वारकऱ्यांचा, एक दर्ग्यावरचा. फक्त पहिलाच यशस्वी झाला तर मी रविवारी मिस्सेला येतो. तिन्ही झाले तर मी नास्तिक राहणार नाही, पण ख्रिस्तीही होणार नाही.